बोलू लागणाऱ्या मुलाच्या हाती मोबाइल

मूल बोलावयास कसे शिकते, ह्याचा विचार आपल्या घरांतून सहसा कोणी करीत नाही. दात येतात, मूल रांगू लागते, पाऊल टाकू लागते, तशीच वेळ आली म्हणजे त्यास वाचाही फुटते, अशी आपली समजूत असते. आणि ह्या समजुतीने आजवर कोणाचे फारसे बिघडलेही नाही. घरात आजी होती, आत्या होती, शेजारची पोरे होती, ओसरीवर येणारेजाणारे होते. त्यांच्या बोलण्यात मूल वाढत असे, आणि कोणी मुद्दाम काही न शिकविता दोन अडीच वर्षांत घर डोक्यावर घेत असे. परंतु २०१६ सालापासून मोबाइलवरचे इंटरनेट फार स्वस्त झाले, आणि तेव्हापासून आपल्या खेड्यांतील घरांची रीत पालटत गेली. आता भाकरी थापताना आईस हात मोकळे हवेत म्हणून, मूल घास घेत नाही म्हणून, ते रडते म्हणून, एस.टी.त ते स्थिर बसत नाही म्हणून, वर्षाच्या मुलाच्याही हाती मोबाइल दिला जातो. रविवारी उपासनेच्या वेळी मागच्या चटईवर आवाज बंद करून चाललेली कार्टूनेही आमच्या दृष्टीस पडतात. आणि मग अडीच वर्षे झाली तरी मूल "आई" आणि "दे" ह्यापलीकडे काही बोलत नाही असे दिसून आले, म्हणजे तीच आई घाबरून विचारते, "पाळकसाहेब, हे मोबाइलमुळे तर नव्हे ना?"

घरोघर भेटी देणाऱ्या आमच्या बंधुभगिनींसही हा प्रश्न ऐकावा लागतो, आणि त्यांच्याकडून बहुतकरून दोन प्रकारची उत्तरे मिळतात. कोणी म्हणतात, मोबाइल हे विषच आहे, फेकून द्या. कोणी म्हणतात, काही होत नाही, आमचा धाकटाही उशिरानेच बोलला. ही दोन्ही उत्तरे देणाऱ्यास सोपी, पण आईच्या उपयोगाची नाहीत. तान्ह्या मुलांच्या भाषेविषयी गेल्या चाळीस पन्नास वर्षांत विद्वानांनी पुष्कळ शोध केले आहेत. त्यांतील जे ठाम आहे ते आपण समजून घ्यावे, म्हणजे काय भ्यावे व काय भिऊ नये हे कळेल.

पहिली गोष्ट ही की, मूल बोलू लागण्याच्या पुष्कळ आधी ते ऐकू लागते, आणि नुसते ऐकत नाही, तर ऐकलेल्यातून निवड करिते. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, जन्मून तीन दिवसही न झालेल्या अर्भकांच्या तोंडी चोखणी देऊन अशी योजना केली होती की, एका लयीने चोखले तर आईचा आवाज ऐकू यावा व दुसऱ्या लयीने चोखले तर परक्या स्त्रीचा. ती अर्भके आईचा आवाज ऐकू येईल अशा लयीने चोखू लागली. तो आवाज त्यांच्या ओळखीचा होता. जन्मण्यापूर्वीच त्यांनी तो ऐकला होता.

ह्यापुढचा प्रयोग आपल्या भाषेस अधिक जवळचा आहे. आपला "ट" आणि आपला "त" हे दोन निरनिराळे ध्वनी आहेत, हे आपल्या चार वर्षांच्या पोरासही सांगावे लागत नाही. परंतु ज्याची जन्मभाषा इंग्रजी आहे त्याच्या कानास त्यांतील भेद कळत नाही. मराठी शिकलेल्या पाश्चात्त्य पाहुण्यांचे भाषण ज्या वडीलधाऱ्यांनी ऐकले आहे, त्यांस "ताट" ह्या एका शब्दाची त्यांच्या तोंडी काय गत होत असे हे आठवत असेल. कॅनडातील जॅनेट वर्कर व रिचर्ड टीस ह्या संशोधकांनी हिंदीतील हाच भेद इंग्रजी घरांतील तान्ह्या मुलांस ऐकवून पाहिला. १९८४ साली त्यांनी प्रसिद्ध केले की, सहा ते आठ महिन्यांच्या मुलांपैकी बहुतेकांस तो भेद कळतो. परंतु दहा ते बारा महिन्यांच्या मुलांपैकी फारच थोड्यांस कळतो. हिंदी घरांतील मुलांचा कान मात्र वर्षाच्या सुमारासही तो भेद ओळखीत होता. ह्याचा अर्थ असा की, मूल जन्मतः कोणत्याही भाषेस तयार असते, आणि पहिल्या वर्षाच्या आतच त्याचा कान आपल्या घरच्या भाषेचा होतो. आपण ज्यास "अजून काही कळत नाही" म्हणतो, त्या वयात हे मोठे काम चाललेले असते.

आता कोणी म्हणेल, कानावर भाषा पडावी एवढेच जर हवे, तर ती मोबाइलमधून पडली काय आणि आजीच्या तोंडून पडली काय, सारखेच. हीच शंका अमेरिकेतील सिॲटल येथील विदुषी पॅट्रिशिया कूल व त्यांचे सहकारी ह्यांनी कसोटीस लाविली. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील नऊ महिन्यांची मुले त्यांनी घेतली. काहींस चिनी भाषा बोलणाऱ्या व्यक्तींपुढे बसविले. ह्या व्यक्ती त्यांच्याशी खेळत, चित्रांची पुस्तके दाखवीत व आपल्या भाषेत बोलत. दर वेळी सुमारे २५ मिनिटे, अशा चार आठवड्यांत १२ बैठका झाल्या. दुसऱ्या काही मुलांस त्याच व्यक्ती, तेच खेळ, तीच पुस्तके, तेवढाच वेळ, पण दूरदर्शनच्या पडद्यावर दाखविली. आणखी काहींस केवळ आवाज ऐकविला. पुढे परीक्षा घेतली तेव्हा जिवंत माणसापुढे बसलेली मुले चिनी ध्वनींतील बारीक भेद ओळखू लागली होती. पडद्यावर पाहिलेल्या मुलांच्या पदरी काहीच पडले नव्हते. ज्यांनी ती भाषा कधी ऐकलीच नव्हती अशा मुलांत आणि ह्यांत फरक दिसला नाही. हा शोध २००३ साली प्रसिद्ध झाला, आणि आमच्या मते आजच्या पाठाचे मर्म ह्याच प्रयोगात आहे.

असे का व्हावे? शब्द तेच, चेहरा तोच. मग पडद्यावरच्या बाईपाशी काय नव्हते? ती मुलाकडे पाहू शकत नव्हती. मूल हसले तर ती हसत नव्हती. मुलाने दुसरीकडे मान वळविली तर ती थांबत नव्हती. मुलाने "अं" केले तर त्यास उत्तर देत नव्हती. अंगणात आई मुलास कडेवर घेऊन उभी असते तेव्हा काय होते ते पाहा. मूल कौलाकडे बोट करिते. आई बोटाकडे नव्हे, बोट दाखविते तिकडे पाहते, आणि म्हणते, "हो, काऊ! काऊ बसलाय." मूल म्हणते, "काऽ". आई म्हणते, "उडाला बघ काऊ." ह्या चार क्षणांत मुलाचे लक्ष ज्या वस्तूवर होते, नेमक्या त्याच वस्तूचे नाव त्यास मिळाले, त्याने काढलेल्या अर्ध्या आवाजास पुरे उत्तर मिळाले, आणि आपण बोललो तर जग हलते असा त्यास अनुभव आला. पडद्यावरचा कावळा आपल्या वेळेस येतो व आपल्या वेळेस जातो. मुलाने त्यास हाक मारिली काय न मारिली काय, त्यास सारखेच.

पडद्यावरील चित्र व आपल्या पुढचे जग ह्यांची सांगड घालणेही दोन वर्षांच्या मुलास कठीण जाते, हे पुष्कळांस नवल वाटेल. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दोन वर्षांच्या मुलांस, शेजारच्या खोलीत खेळणे कोठे लपविले जात आहे हे दाखविले. काहींस खिडकीतून, काहींस टीव्हीवर. ज्यांनी खिडकीतून पाहिले त्यांनी जाऊन खेळणे काढले. ज्यांनी टीव्हीवर पाहिले त्यांतील पुष्कळजण भलतीकडेच शोधू लागली. अडीच वर्षांच्या मुलांस हे बरेच साधले. डोळ्यांस दिसले म्हणजे मनास उमगले असे ह्या वयात नसते.

परंतु मोबाइलमधले प्रत्येक चित्र सारखे नव्हे, हेही येथेच सांगितले पाहिजे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका शोधात दोन ते अडीच वर्षांच्या मुलांस नवी क्रियापदे शिकविण्यात आली. काहींस समोर बसून, काहींस समोरासमोर बोलता येते अशा व्हिडिओ कॉलवरून, आणि काहींस दुसऱ्या मुलाशी झालेल्या अशाच कॉलचे मुद्रण दाखवून. पहिली दोन्ही प्रकारची मुले शिकली. तिसरी शिकली नाहीत. पडदा तर दोहोंतही होता. भेद इतकाच की एकीकडे पडद्यातली व्यक्ती ह्याच मुलास उत्तर देत होती व दुसरीकडे नव्हती. म्हणून ज्यांचे बाप पुण्यामुंबईस कामावर आहेत, किंवा आखाती देशांत गेले आहेत, त्यांनी रात्री व्हिडिओ कॉलवर मुलाशी बोलणे आम्ही मुळीच वर्ज्य समजत नाही. मात्र बापाने मुलाशी बोलावे. मुलास पुढ्यात धरून बायकोशी हप्त्याचा हिशेब करू नये.

ह्यावर आईबापांचा एक आक्षेप असतो, आणि तो अगदी खोटा नाही. ते म्हणतात, "आमचे मूल मोबाइलवरूनच इंग्रजी आकडे शिकले, रंग ओळखते, ए बी सी डी म्हणते. मग त्यातून भाषा येत नाही असे कसे?" २०१० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ह्याचा शोध घेतला होता. बाळांस शब्द शिकविण्यासाठी विकल्या जाणाऱ्या एका लोकप्रिय चित्रफितीचा १२ ते १८ महिन्यांच्या मुलांवर चार आठवडे उपयोग केला. ज्यांनी ती वारंवार पाहिली ती मुले, ज्यांनी ती पाहिलीच नाही त्या मुलांहून अधिक शब्द शिकली नाहीत. ज्यांच्या आईबापांस केवळ शब्दांची यादी देऊन "जमेल तसे घरी शिकवा" असे सांगितले होते, ती मुले सर्वांत पुढे गेली. आणि गंमत अशी की, ज्या आईबापांस ती चित्रफीत फार आवडली, त्यांस आपले मूल तिच्यातून पुष्कळ शिकले असे वाटत होते.

एखादे मूल आकडे म्हणते ह्याबद्दल आम्हांस वाद नाही. अडीच तीन वर्षांपुढील मुले चांगल्या कार्यक्रमांतून शब्द उचलतातही. परंतु आकडे म्हणणे आणि भाषा बोलणे ह्यांत अंतर आहे. जे मूल दहापर्यंत इंग्रजी आकडे घडाघडा म्हणते, पण तहान लागली असता "पाणी दे" असे न म्हणता आईचा हात धरून हंड्याकडे ओढीत नेते, त्यास पाठांतर आले आहे. भाषा यावयाची आहे. भाषा म्हणजे मनातले दुसऱ्यापाशी पोचविणे होय.

आपल्या मराठीतील काही साध्या गोष्टी पाहिल्या म्हणजे हे अधिक ध्यानात येईल. "मी" आणि "तू" हे दोन शब्द घ्या. "काऊ" म्हटले की काऊच. पण "मी" म्हटले की बोलणारा, मग तो कोणीही असो. आई "मी" म्हणते तेव्हा आई, बाळ "मी" म्हणते तेव्हा बाळ. दोघांनी आळीपाळीने बोलल्यावाचून हा शब्द कळावा कसा? म्हणूनच पुष्कळ मुले आरंभी स्वतःस नावाने हाक मारितात, "बाळाला दे" म्हणतात, आणि मग एके दिवशी "मला दे" म्हणू लागतात. तसेच "आम्ही" आणि "आपण". "आम्ही बाजारास जातो" म्हटले की मूल घरी राहणार, आणि "आपण बाजारास जाऊ" म्हटले की त्याच्या पायांत चपला. इंग्रजीस ह्या दोहोंसाठी एकच शब्द आहे. आपले मूल हा भेद कोणत्या पुस्तकातून शिकते? कोणीतरी त्यास "आपण" म्हणून बरोबर घेतलेले असते, म्हणून शिकते. आजोबांस "या, बसा" म्हणावे व धाकट्यास "ये, बस" म्हणावे, हेही घरात माणसे येतात जातात, मूल त्यांच्यामध्ये असते, म्हणूनच कळते. आणि तो आंबा, ती चिंच, ते केळे! मोठ्या वयात मराठी शिकणाऱ्या परक्या माणसास ही लिंगे पुष्कळ वर्षे छळितात. आपले तीन चार वर्षांचे मूल "आंबा पिकला, चिंच पडली" असे बिनचूक बोलू लागते. हे सर्व त्यास घरच्या बोलण्यातून, फुकट मिळालेले असते.

"घरचे बोलणे" म्हटल्याबरोबर आमच्या काही भगिनी संकोचतात, हे आम्हांस ठाऊक आहे. आपली बोली अशुद्ध, आपण चार यत्ता शिकलेल्या, मग मुलाने आपले ऐकण्यापेक्षा मोबाइलवरचे शुद्ध मराठी किंवा इंग्रजी ऐकावे हे बरे, असे त्यांस वाटते. ह्या समजुतीने मुलांचे जितके नुकसान होते तितके क्वचितच दुसऱ्या कशाने होत असेल. अहिराणी असो, वऱ्हाडी असो, मावची असो, गोंडी असो, जी बोली आईच्या तोंडी सहज येते तीच तान्ह्या मुलास सर्वांत उपयोगी. कारण तीत ती रागावू शकते, थट्टा करू शकते, गोष्ट सांगू शकते. परक्या भाषेत तिला पाचपंचवीस शब्दांपलीकडे जाता येत नाही, आणि मुलाच्या वाट्यास तेवढेच येतात. पक्की एक बोली आलेले मूल शाळेत गेल्यावर दुसरी भाषा त्याच पायावर उभारते. घरात आईची एक व बापाची दुसरी अशा दोन भाषा असल्या तरी भिण्याचे कारण नाही. दोन भाषांमुळे मूल मुके राहते ही समजूत चुकीची आहे. अशा मुलाचे दोन्ही भाषांतील शब्द मिळून मोजले असता ते इतरांच्या बरोबरीने असते.

येथवर आपण पडदा काय देऊ शकत नाही हे पाहिले. परंतु आमच्या मते मोठे नुकसान वेगळेच आहे. पडदा चालू असला म्हणजे घर गप्प होते.

हे मोजून पाहिलेले आहे. मुलाच्या अंगरख्याच्या खिशात एक लहानसे यंत्र ठेवितात; ते दिवसभर मुलाच्या कानावर पडणारे व त्याच्या तोंडून निघणारे बोलणे मुद्रित करिते. अमेरिकेत अशा रीतीने दोन महिन्यांपासून चार वर्षांपर्यंतच्या ३२९ मुलांचे दिवस मुद्रित केले, व तो वृत्तांत २००९ साली छापला. त्यात असे आढळले की, टीव्हीचा आवाज चालू असलेल्या प्रत्येक तासामागे मुलाने मोठ्या माणसांकडून ऐकलेल्या शब्दांत सरासरीने ७७० ची घट होती. त्याच काळात मुलांचे स्वतःचे बोलणेही घटले होते. ऑस्ट्रेलियात २२० कुटुंबांचा असाच अभ्यास झाला, तो २०२४ साली प्रसिद्ध झाला. तेथे तीन वर्षांच्या मुलांत पडद्याच्या प्रत्येक अधिक मिनिटामागे मोठ्यांचे सुमारे साडेसहा शब्द, मुलाचे सुमारे पाच उद्गार, आणि दोघांमधली एक बोलाचाली कमी आढळली. एका मिनिटास एक बोलाचाली ही लहान गोष्ट वाटेल. जेवणाच्या अर्ध्या तासाचा हिशेब वाचकांनीच करून पाहावा.

आणि येथे पडदा म्हणजे मुलाच्याच हातातला असे नव्हे. कोपऱ्यात मालिका चालू आहे, मूल तिकडे पाहतही नाही, तरी घरातील मोठ्या माणसांचे डोळे व कान तिकडे लागलेले असतात, आणि मुलाच्या "अं" ला उत्तर मिळत नाही. आईबापांच्या हातातल्या मोबाइलचीही तीच गोष्ट. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, दोन वर्षांच्या मुलांस त्यांच्या आयांनी दोन नवे शब्द शिकवावयाचे होते. एक शब्द शिकविताना मध्येच फोन वाजावा व आईने तो घ्यावा अशी योजना केली होती; दुसरा शब्द विनाव्यत्यय शिकविला. आईने दोन्ही शब्द सारख्याच वेळा उच्चारले होते. तरीही विनाव्यत्यय शिकविलेला शब्द मुलांस आला, आणि फोनने तोडलेला आला नाही. ज्या बापांनी "मुलास मोबाइल देऊ नकोस" म्हणून बायकोस दटावावे आणि स्वतः बाजेवर पडून दहा वाजेपर्यंत व्हिडिओ सरकवीत राहावे, त्यांनी हा प्रयोग दोनदा वाचावा.

आता सावधगिरीचा एक शब्द. ज्या घरांत पडदा अधिक त्या घरांतील मुलांची भाषा सरासरीने कमी, असे पुष्कळ अभ्यासांत दिसते. २०२० साली अशा ४२ अभ्यासांचा एकत्र विचार झाला, त्यातही तसेच आढळले. परंतु दोन गोष्टी बरोबर आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरतेच असे नाही. ज्या घरात आई दिवसभर मजुरीस जाते, सांभाळणारे कोणी नाही, त्या घरात पडदाही अधिक व बोलणेही कमी असणार. जे मूल आधीच उशिरा बोलणारे व चिडखोर, त्यास शांत करण्यासाठी मोबाइल अधिक दिला जाणार. आणि त्याच विचारणेत हेही आढळले की, मोठे माणूस शेजारी बसून मुलाबरोबर पाहते, किंवा कार्यक्रम शिकविण्याच्या हेतूने केलेला असतो, तेथे मुलांची भाषा अधिक चांगली दिसते. म्हणून कोणत्याही आईस "तूच मूल बिघडविलेस" असे म्हणण्याचा अधिकार ह्या शोधांनी आपणांस दिलेला नाही. मंडळीतील भेटी देणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात धरावे. ऊसतोडीवरून संध्याकाळी परतलेल्या बाईने चूल पेटवावी की मुलाशी गोष्टी कराव्यात, हे तिला विचारण्यापूर्वी तिचे मूल तासभर आपल्या ओसरीवर आणून बसवावे.

वेळेविषयीचा नियम थोडक्यात सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले की, दोन वर्षे पुरी होईपर्यंत मुलास पडद्यापुढे बसवूच नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलास दिवसास एक तासाहून अधिक नको, त्याहून कमी तितके चांगले. आपल्या देशातील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा नियमही बहुतेक हाच आहे. नातलगांशी प्रसंगी व्हिडिओ कॉलवर बोलण्यास तीही हरकत घेत नाही.

मग मोबाइल काढून घेतल्यावर त्या जागी काय ठेवावे? पुष्कळ आयांस वाटते की मुलाशी बोलणे म्हणजे काम सोडून त्याच्यापुढे बसणे. तसे नाही. भाजी निवडताना "ही मेथी, ही काडी, काडी टाकून दिली" असे म्हणता येते. न्हाऊ घालताना हात, पाय, पाठ, कान ह्यांची नावे घेता येतात. शेळीस चारा घालताना, पीठ मळताना, पाणी भरताना, जे हात करितात तेच तोंडाने सांगावे. मूल एक शब्द बोलले तर आपण त्यास दोन जोडून परत करावा. ते "भूभू" म्हणाले, तर "काळा भूभू आला". त्याचा उच्चार चुकला तर हसू नये व दटावूही नये. बरोबर शब्द आपण सहज उच्चारून पुढे जावे. आणि सर्वांत विसरली जाणारी गोष्ट म्हणजे थांबणे. प्रश्न विचारून आपणच उत्तर देऊन मोकळे होण्याची आपणांस सवय आहे. लहान मुलास शब्द शोधावयास वेळ लागतो. मनात पाच आकडे मोजावे, त्याच्या तोंडाकडे पाहावे, आणि वाट पाहावी.

बोटावर मोर बसविण्याचा, तळहातावर घास वाटण्याचा, पदराआड लपून "कुक" करण्याचा असे जे खेळ आपल्या आज्या खेळत आल्या, त्यांत आळीपाळी असते. आता तुझी पाळी, आता माझी. संभाषणाचा पाया हाच होय. ज्यांच्या घरी आजी आहे त्यांनी तिच्या मांडीवर मूल द्यावे, आणि तिच्या हातीही मोबाइल देऊ नये!

जेवणाच्या वेळची सवय मात्र मोडावयास कठीण, कारण मूल मोबाइलवाचून घास घेईनासे झालेले असते. ती सकाळच्या न्याहारीपासून मोडावी, रात्री मूल पेंगत असता नव्हे. दोन चार दिवस रडणे होईल. एक वेळ थोडे कमी जेवल्याने निरोगी मुलास अपाय होत नाही; भूक लागली की ते खाते. घरातील सर्वांनी त्या वेळी आपले मोबाइल उंच फळीवर ठेवावे, नाहीतर मुलास हा केवळ आपल्यावरचा जुलूम वाटतो. उपासनेच्या वेळेबद्दल म्हणाल, तर बाळाच्या बडबडीने आमच्या उपदेशास कधी खंड पडलेला नाही. त्यास बाहेर नेऊन झाडावरच्या चिमण्या दाखवाव्या व परत आणावे.

शेवटी सर्वांत निकडीची गोष्ट. मूल उशिरा बोलते आहे असे दिसताच सर्व दोष मोबाइलवर ढकलून स्वस्थ बसणे धोक्याचे आहे; कारण कित्येकदा मुलास ऐकूच येत नसते, आणि ते कोणाच्या ध्यानातही आलेले नसते. ऐकू न येणारे मूलही पडद्यावरची हलती चित्रे आनंदाने पाहते. म्हणून पुढील लक्षणांकडे लक्ष द्यावे. वर्षाचे मूल "बाबा", "दादा" असे बोबडे आवाज काढीत नाही, किंवा बोटाने दाखवीत नाही, हात हालवून टाटा करीत नाही. सोळा महिन्यांचे झाले तरी एकही शब्द नाही. दोन वर्षांचे झाले तरी "आई ये", "दूध दे" असे दोन शब्द आपल्या मनाने जोडीत नाही. नावाने हाक मारिली असता वळत नाही. अथवा आधी बोलत असलेले शब्द बोलेनासे झाले. ह्यांपैकी एकही गोष्ट असेल तर मोबाइल बंद करावा, आणि त्याबरोबरच मुलास डॉक्टरांस दाखवावे. एकापायी दुसरे लांबवू नये. काही मुलांत स्वमग्नता नावाची अवस्था असते, तिचीही ही लक्षणे असू शकतात. ती मोबाइलमुळे होते असे सिद्ध झालेले नाही, आणि आईच्या कोणत्याही अपराधामुळे ती होत नाही. परंतु लवकर ओळखली तर मुलास पुष्कळ शिकविता येते.

ह्यासाठी पैसे नाहीत म्हणून कोणी थांबू नये. २०१३ सालापासून सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम चालू आहे. त्याचे वैद्यकीय पथक वर्षातून दोन वेळा अंगणवाडीत येऊन मुलांस तपासते, आणि ऐकण्यातील दोष व वाढीतील विलंब हे दोन्ही त्या तपासणीत येतात. पथक कधी येणार हे अंगणवाडी सेविकेस विचारून ठेवावे, आणि त्या दिवशी मुलास शेतावर नेऊ नये. पथकाने चिठ्ठी दिली म्हणजे जिल्ह्याच्या ठिकाणी शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पुढील तपासणी व उपचार विनामूल्य होतात. मुंबईत वांद्रे येथे वाचा व श्रवणदोषांसाठी अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. मुंबईस ज्यांचे नातलग आहेत त्यांस तेथेही जाता येईल. मूल फार लहान आहे, ते डॉक्टरांस उत्तर कसे देईल, अशी शंका पुष्कळजण काढितात. श्रवणाच्या ह्या तपासणीत मुलाने काही सांगावे लागत नाही. कानात लहानसे बोंड बसवून, किंवा डोक्यास तारा चिकटवून, यंत्रच कान व मेंदू आवाजास साद देतात की नाही ते पाहते. आणि ती तपासणी मूल निजलेले असताना उत्तम होते, म्हणून त्या दिवशी त्यास वाटेत झोपू न देता तेथवर जागे न्यावे.